कोरड्या चराऊ रानावर मेंढ्या किती ठेवाव्यात?

कोरड्या रानात मेंढ्यांची संख्या ठरवताना बहुतेक जण क्षेत्रफळापासून सुरुवात करतात: इतके हेक्टर रान, म्हणून इतक्या मेंढ्या. जिथे जमिनीत वर्षभर ओल असते तिथे हा हिशेब कसाबसा चालून जातो, कारण यंदाचे आणि पुढच्या वर्षीचे गवत यांत फार अंतर पडत नाही. जिथे सगळा पाऊस दोन-तीन महिन्यांत पडून जातो आणि एका वर्षी ४०० तर दुसऱ्या वर्षी १५० मिलिमीटर अशी त्याची तऱ्हा असते, तिथे तेच हेक्टर एका वर्षी भरभरून चारा देतात आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्माही देत नाहीत. म्हणून पुढचा सगळा हिशेब पावसाळा सरताना रानात प्रत्यक्ष उभ्या असलेल्या गवतावर बसवला आहे. तो दर वर्षी नव्याने मांडावा लागतो, आणि त्याचे उत्तरही दर वर्षी वेगळे येते.

आधी शब्द नीट लावून घेऊ

चराईचा भार म्हणजे ठराविक क्षेत्रावर ठराविक काळ चरणाऱ्या जनावरांची संख्या. यातला काळ हा भाग हमखास विसरला जातो. 'हेक्टरी एक मेंढी' या वाक्याला तोपर्यंत काहीच अर्थ नाही, जोपर्यंत ती मेंढी तिथे तीन महिने राहणार की बारा महिने, हे सांगितलेले नाही. एखाद्या दिवशी एखाद्या तुकड्यात किती मेंढ्या दाटीने उभ्या आहेत, ती झाली घनता. शंभर मेंढ्या एका हेक्टरात दोन दिवस ठेवल्या तर घनता प्रचंड असते, पण वर्षाचा भार किरकोळच राहतो. रानाची वहनक्षमता म्हणजे रानाचा पोत न बिघडता अनेक वर्षांच्या सरासरीने त्यावर निभणारा भार. ही सरासरी उपयोगाची आहे, पण तिच्या भरवशावर एखाद्या विशिष्ट वर्षाची संख्या ठरवणे म्हणजे नदीची सरासरी खोली विचारून पाण्यात उतरण्यासारखे आहे.

हिशेबासाठी सर्वांत सोयीचे एकक 'मेंढीदिवस' हे आहे. एका भाकड, मध्यम वजनाच्या मेंढीचे एका दिवसाचे खाणे म्हणजे एक मेंढीदिवस. रानात किती मेंढीदिवसांचा चारा आहे हे एकदा कळले की तो कमी मेंढ्यांत जास्त दिवस वाटायचा की जास्त मेंढ्यांत कमी दिवस, हा निव्वळ भागाकार उरतो.

रानाचे खरे क्षेत्र काढणे

कागदावरचे क्षेत्र आणि मेंढ्या प्रत्यक्ष चरतात ते क्षेत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रानाचा साधा नकाशा काढावा आणि त्यातून उघडे खडक, वाटा, घुसता येणार नाही अशी काटेरी झुडपे, घळी आणि पीक किंवा रोपवन असलेला भाग वजा करावा. चढ हा मेंढ्यांना गाईगुरांइतका आड येत नाही, त्यामुळे त्यासाठी मोठी वजावट करण्याचे कारण नसते. मात्र तीव्र उतारावरचे गवत मातीच्या राखणीसाठी जास्त शिल्लक ठेवायचे, हे लक्षात असू द्यावे.

मोठी वजावट पाण्याच्या अंतरामुळे होते. उन्हाळ्यात मेंढ्या पाणवठ्यापासून साधारण २ ते ३ किलोमीटरच्या आतच बहुतेक चराई करतात, आणि पाणवठ्याभोवतीचे रान तुडवून उघडे पडते, तर लांबचे गवत जागच्या जागी वाळून जाते. रानाची सरासरी काढताना हे लांबचे गवतही हिशेबात धरले गेले, तर प्रत्यक्षात जवळच्या रानावर ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त भार पडतो. म्हणून जवळचा पट्टा पूर्ण, त्यापलीकडचा निम्मा आणि अगदी लांबचा शून्य, असा धरावा. पाणवठ्याला लागून असलेला तुडवलेला वर्तुळाकार भागही शून्यच मानावा. मेंढ्यांची संख्या न वाढवता रानाची क्षमता वाढवायची असेल, तर लांबच्या पट्ट्यात पाण्याची टाकी आणि हौद नेणे हा माझ्या मते सर्वांत चांगला खर्च आहे. तोही त्या भागात गवत खरोखर उभे असेल तरच.

गवत कापून वजन करणे

या कामाला वर्षातून एक दिवस द्यावा लागतो आणि नेमका तोच दिवस टाळला जातो. गवत निसवून दाणा धरू लागले, वाढ थांबली आणि पाऊस परतला, की दोन आठवड्यांच्या आत मोजणी करावी. लवकर मोजले तर आकडा कमी येतो, आणि उशिरा मोजले तर पाने गळून व वाऱ्याने उडून गेलेली असतात.

लोखंडी सळईची किंवा पीव्हीसी नळीची अर्धा मीटर बाय अर्धा मीटर अशी चौकट तयार करावी. तिचे आतले क्षेत्र पाव चौरस मीटर भरते, आणि त्यामुळे एक सोय होते: चौकटीतल्या कोरड्या गवताचे सरासरी वजन ग्रॅममध्ये काढून त्याला ४० ने गुणले की हेक्टरी किलोग्रॅम मिळतात. रानाचे गवताच्या दाटीप्रमाणे भाग पाडावेत, म्हणजे सखल ओलसर जागा वेगळी, मुरमाड माळ वेगळा, झुडपी भाग वेगळा. प्रत्येक भागात आधीच ठरवलेल्या रेषेवरून चालत, ठराविक पावलांवर चौकट टाकावी. 'इथे टाकू या, इथे गवत बरे दिसते' असे एकदा जरी झाले तरी मोजणी खोटी ठरते. उलट चौकट उघड्या मातीवर पडली तर वजन शून्य लिहावे, ती जागा सोडून पुढे जाऊ नये. प्रत्येक भागात किमान २० चौकटी घ्याव्यात. गवत जितके विखुरलेले, तितक्या चौकटी जास्त.

चौकटीतले गवत जमिनीपासून साधारण दोन बोटे उंचीवर विळ्याने कापावे, चालू वर्षाची वाढच घ्यावी आणि गेल्या वर्षीची काळपट काडी वेगळी काढावी. मेंढ्या तोंड लावत नाहीत अशा वनस्पतींची जुडी वेगळी बांधावी. झुडपांची पाने मेंढ्यांच्या तोंडाला येतात तेवढ्या उंचीपर्यंतचीच घ्यावीत.

कापलेल्या गवतात पाणी किती, हा पुढचा प्रश्न. हिरव्या वाढीच्या गवतात शुष्क पदार्थ अवघा पाव हिस्सा असू शकतो, फुलोऱ्यात तो ३५ ते ४५ टक्क्यांपर्यंत जातो आणि उभे वाळलेल्या गवतात ८५ ते ९० टक्के असतो. अंदाजावर न राहता काही नमुने कागदी पिशवीत घालून ऊन आणि वारा मिळेल अशा ठिकाणी सुकवावेत व लागोपाठ दोन दिवस वजन तेच आले की ते कोरडे वजन मानावे. उन्हात सुकवलेल्या गवतात थोडा ओलावा राहतोच, पण या कामासाठी तेवढी चूक चालते.

सगळ्या चौकटी कापण्याइतकी सवड नसेल तर तुलनेची पद्धत वापरावी. हेडॉक आणि शॉ या दोन संशोधकांनी ती १९७५ मध्ये मांडली. रानातली सर्वांत विरळ चौकट १ आणि सर्वांत दाट चौकट ५ असे गृहीत धरून पाच नमुना चौकटी ठरवतात, डोळ्यांना त्यांची सवय झाली की चालत जाऊन पन्नास-साठ ठिकाणी नुसते गुण देतात, आणि काही मोजक्याच चौकटी कापून गुणांचे वजनाशी नाते लावतात. गुण पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत एकाच माणसाने द्यावेत, कारण दोघांचे डोळे सारखे नसतात.

त्यातला मेंढ्यांचा वाटा

हेक्टरी ९०० किलो गवत निघाले म्हणून ९०० किलो चारा आहे असे होत नाही. 'निम्मे खा, निम्मे ठेवा' हा जुना दंडक पुष्कळांना पाठ असतो आणि त्याचा अर्थ मेंढ्यांना निम्मे गवत मिळते असा लावला जातो. प्रत्यक्षात रानातून जे निम्मे जाते त्यातला मोठा भाग खुरांखाली तुडवला जातो, वाळवी आणि टोळ खातात, वारा उडवतो, शेणा-मुताने नासतो. मेंढीच्या पोटात जाते ते एकूण गवताच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतके. म्हणून कोरड्या रानात २५ ते ३० टक्केच वाटा धरावा. रान आधीच खंगलेले, उताराचे किंवा झुडपी असेल तर २५ टक्के, आणि रान चांगल्या पोताचे, सपाट व बहुवार्षिक गवताचे असेल तर ३५ टक्क्यांपर्यंत जायला हरकत नाही.

उरलेले गवत वाया जाते असा समज मनातून काढायला वेळ लागतो. क्रायडर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाढत्या गवताच्या शेंड्याची छाटणी आणि मुळांची वाढ यांचे नाते तपासले होते. हिरव्या भागापैकी ४० टक्क्यांपर्यंत काढला तर मुळांची वाढ चालू राहिली, निम्म्याच्या पुढे गेल्यावर ती अडू लागली, आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त काढल्यावर काही दिवस सगळ्याच मुळांची वाढ पूर्ण थांबली. कोरड्या रानात गवताला खाली ओल शोधण्यासाठी मिळतात तेच दिवस थोडे असतात. त्यातले दहा-पंधरा दिवस मुळांची वाढ थांबली तर ते ठोंब पुढचा उन्हाळा काढत नाही. मेंढीच्या बाबतीत ही भीती अधिक खरी आहे, कारण दुभंगलेल्या वरच्या ओठामुळे ती जमिनीच्या अगदी लगत दात लावू शकते आणि आवडीचे पान वेचून खाते. त्यामुळे रानाची सरासरी छाटणी ३० टक्के असली तरी आवडत्या गवताची ७० टक्के झालेली असू शकते. मोजणी करताना म्हणूनच दोन-तीन गोड गवतांकडे स्वतंत्र लक्ष द्यावे.

गवत सुप्तावस्थेत गेल्यावर मुळांचा प्रश्न मागे पडतो आणि मातीचा पुढे येतो. उभी काडी, पडलेला पाला आणि ठोंबांचे बुडखे मिळून जमिनीचा निदान निम्मा भाग झाकलेला राहिला, तर वाऱ्याने माती उडणे बरेच आटोक्यात राहते. पाण्याने होणारी धूप रोखण्यासाठी, विशेषतः उतारावर, हे आच्छादन ७० टक्क्यांच्या आसपास लागते.

मेंढी किती खाते

भाकड मेंढी रोज वजनाच्या सुमारे ३ टक्के शुष्क चारा खाते असे धरून चालावे. ३५ किलोच्या मेंढीला म्हणजे साधारण १ किलो, आणि पुढच्या उदाहरणात मी १.१ किलो धरला आहे, कारण रानात चालण्याची ताकदही तिला त्यातूनच मिळवायची असते. गाभण काळ सुमारे १५० दिवसांचा असतो आणि गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, त्यामुळे त्या काळापुरती एक मेंढी म्हणजे १.३ भाकड मेंढ्या धरावी; पुढचे आकडेही असेच भाकड मेंढीच्या पटीत आहेत. अंगावर एक कोकरू पिणारी मेंढी दीड ते पावणेदोन धरावी, जुळी असतील तर त्याहून जास्त. मोठा नर दीड, आणि दोन महिन्यांच्या पुढचे, गवत खाऊ लागलेले कोकरू ०.४ धरले की बहुतेक कळप या आकड्यांत बसतात.

त्याच रानात दुसरी जनावरे चरत असतील तर त्यांचाही हिस्सा आधी काढून ठेवावा. तितक्याच वजनाची शेळी साधारण मेंढीएवढे खाते, जरी ती झुडपांकडे अधिक वळते. एक प्रौढ गाय तिच्या वजनानुसार ५ ते ७ मेंढ्यांइतकी धरतात. हरणे, ससे यांचा हिस्सा मोजणे अवघड असते, पण त्यांचा वावर स्पष्ट दिसत असेल तर मेंढ्यांचा वाटा २५ टक्क्यांवर आणणे हा साधा उपाय आहे.

एक हिशेब पूर्ण मांडून पाहू

समजा, कागदोपत्री ६० हेक्टर रान आहे. खडक आणि काटेरी जाळ्यांचे ८ हेक्टर वजा केले, उरले ५२. त्यातले ३६ हेक्टर पाण्याजवळ आहेत आणि १६ हेक्टर लांबच्या पट्ट्यात, म्हणून त्यांचे निम्मे, म्हणजे ८. हिशेबाचे क्षेत्र झाले ४४ हेक्टर.

चौकटींतून सरासरी २२.५ ग्रॅम कोरडे गवत निघाले, म्हणजे हेक्टरी ९०० किलो. त्यातला पाचवा हिस्सा मेंढ्या खात नाहीत अशा वनस्पतींचा. तो वजा जाता ७२० किलो. मेंढ्यांचा वाटा ३० टक्के, म्हणजे हेक्टरी २१६ किलो. ४४ हेक्टरांचे मिळून ९,५०४ किलो, आणि रोजच्या १.१ किलोने भागल्यावर ८,६४० मेंढीदिवस.

आता हा चारा किती दिवस पुरवायचा? पावसाळा सरल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत २४० दिवस, अधिक पाऊस आल्यावर गवत हाताशी येईपर्यंतचे ३० दिवस, असे २७०. ८,६४० भागिले २७० म्हणजे ३२. उत्तर मिळाले असे वाटते, पण हे ३२ म्हणजे भाकड मेंढ्या. पैदाशीच्या कळपाचा हिशेब वेगळा येतो. या २७० दिवसांत प्रत्येक मेंढी ४० दिवस १.३ ने (५२ मेंढीदिवस), ९० दिवस १.७ ने (१५३) आणि उरलेले १४० दिवस १ ने खाणार असेल, तर एका मेंढीला ३४५ मेंढीदिवस लागतात. २२ मेंढ्यांचे ७,५९०. एका नराचे दीडपटीने ४०५. आणि १८ कोकरे दोन महिन्यांची झाल्यापासून विकेपर्यंत ६० दिवस ठेवली तर त्यांचे ४३२. एकूण ८,४२७. हे बसते. मेंढ्या २४ केल्या तर एकट्या मेंढ्यांनाच ८,२८० लागतात आणि नर मिळवताच आकडा पुढे जातो.

म्हणजे ६० हेक्टरांत पैदाशीच्या मेंढ्या २२. हा आकडा पहिल्यांदा काढणाऱ्याला तो चुकला असेच वाटते, आणि हिशेब दुसऱ्यांदा मांडल्यावरही तोच येतो.

वेण्याचा हंगाम हलवला तर हाच चारा जास्त मेंढ्यांना पुरतो. दूध पाजण्याचे ९० दिवस पावसाळ्यातल्या हिरव्या वाढीत बसवता आले, तर कोरड्या काळात प्रत्येक मेंढीमागे १५३ ऐवजी ९० मेंढीदिवस लागतात. कोणत्या महिन्यात नर सोडायचा याचा निर्णय म्हणून चराईच्या भाराच्या निर्णयाचाच भाग आहे.

पावसावरून ताळा

कापणीचा आकडा कितपत खरा हे पाहण्यासाठी एक ढोबळ ताळा आहे. कोरड्या प्रदेशांतल्या रानात पावसाच्या दर मिलिमीटरमागे हेक्टरी सरासरी सुमारे ४ किलो शुष्क पदार्थ उगवतो. खंगलेल्या रानात तो १ पर्यंत खाली येतो आणि उत्तम राखलेल्या रानात बराच वर जातो. ३०० मिलिमीटर पावसात ९०० किलो म्हणजे मिलिमीटरला ३, हे पटण्याजोगे आहे. हाच आकडा ८ किंवा १० आला तर आधी तराजू आणि चौकट तपासावी. याच आकड्याचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे: तो वर्षामागून वर्षे लिहीत गेल्यास रान सुधारते आहे की खालावते आहे हे कळते, आणि पाऊस चांगला-वाईट झाल्याने होणारी दिशाभूल टळते.

वाळलेल्या गवताने पोट भरते, अंग भरत नाही

हिशेबातले गवत रानात उभे असूनही मेंढ्या खंगतात, तेव्हा मोजणी चुकली असे समजू नये. वाळत गेलेल्या गवतातली प्रथिने ६ ते ७ टक्क्यांच्या खाली गेली की मेंढीच्या पोटातले जंतू काडी पचवण्यात मागे पडतात, अन्न पोटात जास्त वेळ रेंगाळते आणि खाणे आपोआप घटते. अशा वेळी थोडी पेंड, डाळवर्गीय भुसा किंवा खनिज चाटण दिल्यास मेंढी तेच गवत जास्त खाऊ लागते. युरिया असलेले चाटण देताना मेंढ्या उपाशी नसाव्यात आणि ते पावसात विरघळून खाली साचू नये. त्याचे पाणी पिऊन मेंढ्या मरतात.

मात्र 'जास्त खाऊ लागते' याचा अर्थ रानातले गवत ठरवल्यापेक्षा लवकर संपते, हेही ध्यानात घ्यावे. याहून मोठा धोका विकतच्या चाऱ्याचा आहे. बाहेरून वैरण आणून मेंढ्या रानातच ठेवल्या, तर त्या वैरण संपवून पुन्हा रानातल्या बुडख्यांकडे जातात, आणि एरवी चारा संपल्यामुळे जी संख्या कमी झाली असती ती टिकून राहिल्याने रान पार उघडे पडते. बाहेरचा चारा घालायचाच असेल तर मेंढ्या एका लहान, कायमच्या ठरवलेल्या वाड्यात कोंडून घालावा आणि बाकीच्या रानाला विश्रांती द्यावी. तो वाडा खराब होणार हे मान्य करावे.

पाण्याची गरजही कोरड्या चाऱ्यावर वाढते. थंडीत दिवसाला २ ते ४ लिटर पिणारी मेंढी कडक उन्हाळ्यात ६ ते १० लिटरपर्यंत जाते, पाजणारी त्याहूनही पुढे. पाणी कमी पडले की खाणे कमी होते, आणि दोष रानाला दिला जातो.

जास्त मेंढ्यांत जास्त उत्पन्न, हा समज

जोन्स आणि सँडलँड यांनी १९७४ मध्ये अनेक चराई-प्रयोगांची आकडेवारी एकत्र पाहून दाखवले, की भार वाढवत गेल्यास प्रत्येक जनावराची वजनवाढ साधारण सरळ रेषेत घटत जाते. त्यामुळे हेक्टरी एकूण वजनवाढ आधी वाढते, एका शिखराला पोचते आणि मग घसरते. हे शिखर अशा भाराला येते, जो कोणत्याही जनावराचे वजन वाढणे थांबते त्या भाराच्या बरोबर निम्मा असतो. शिखरापाशी उभे राहणे शहाणपणाचे वाटते, पण प्रत्येक वाढीव मेंढीमागे औषध, लोकर कापणी, राखण यांचा खर्च वाढतच असतो. त्यामुळे पैशाचे शिखर वजनाच्या शिखराच्या बरेच आधी येते. शिवाय या प्रयोगांतले वक्र रान बिघडलेले नाही असे धरून आहेत. सलग चार वर्षे शिखरावर ठेवलेल्या कोरड्या रानाचा वक्रच खाली सरकतो.

कमी भारही नेहमी निर्दोष नसतो. मेंढ्या त्याच आवडत्या जागा पुन्हा पुन्हा खरडतात आणि बाकीचे गवत जून होऊन उभे राहते. पण ही तक्रार मिठाची ढेप आणि पाण्याची जागा बदलून पुष्कळशी मिटते, त्यासाठी मेंढ्या वाढवाव्या लागत नाहीत.

निर्णयाच्या तारखा आधी लिहून ठेवाव्यात

वर्षाचा एक हिशेब पुरत नाही. कोरड्या काळात दर दोन महिन्यांनी दहा-पंधरा चौकटी पुन्हा टाकाव्यात. वरच्या उदाहरणात खाण्याजोगे गवत ७२० वरून सुरू होते. मेंढ्या २१६ खाणार आणि साधारण तितकेच तुडवून, उडून जाणार असे धरले तर अखेरीस हेक्टरी २९० च्या आसपास उरायला हवे. १२० व्या दिवशी ते सुमारे ५३० असावे. त्या दिवशी ४०० भरले तर? ४०० वजा २९० म्हणजे ११०. त्यातले निम्मे मेंढ्यांचे, ५५. गुणिले ४४, भागिले १.१, म्हणजे २,२०० मेंढीदिवस. उरलेले दिवस १५०, म्हणून जेमतेम १४ भाकड मेंढ्यांएवढा चारा उरला आहे, आणि कळप मात्र दिवसाला सरासरी ३१ मेंढ्यांएवढे खातो आहे. निम्म्याहून अधिक कळप हलवावा लागेल. हीच तूट ६० व्या दिवशी दिसली असती, तर बरीच कमी जनावरे हलवून भागले असते.

म्हणून तारीख, त्या दिवशी हवे असलेले गवत आणि कमी भरल्यास कोणती जनावरे आधी जाणार, हे तिन्ही पावसाळा सरतानाच वहीत लिहावे. माझा क्रम असा असतो: आधी वाढलेली कोकरे आणि जास्तीचे नर, मग दात पडलेल्या व कासेत दोष असलेल्या मेंढ्या, मग दोन वर्षे न व्यायलेल्या. तरुण, रानाला सरावलेल्या मेंढ्या शेवटपर्यंत ठेवाव्यात, कारण पाऊस आल्यावर तशा विकत मिळत नाहीत. कळपाचा चौथा-तिसरा हिस्सा कायम असा 'हलता' ठेवला, म्हणजे मांसासाठी किंवा विक्रीसाठी राखलेले नर वगैरे, तर वाईट वर्षी मूळ पैदाशीला हात लावावा लागत नाही.

मेंढ्यांच्या अंगावर गवताचा हिशेब उशिरा दिसतो, तरी तो पाहावाच. शेवटच्या बरगडीमागे कण्यावर अंगठा ठेवून दाबावा आणि १ ते ५ गुण द्यावेत. हाडांची टोके धारदार लागली तर १, आणि मांसाच्या खाली गोल लागली तर ३. नर सोडताना कळपाची सरासरी ३ च्या आसपास असावी. लोकर वाढलेली असताना नुसत्या डोळ्यांनी हा अंदाज कधीच घेऊ नये.

फिरती चराई किती कामाची, यावर वाद भरपूर आहेत. तुकडे पाडून फिरवल्याने गवताला विसावा मिळतो, मोजणी सोपी होते आणि एखादा तुकडा संपूर्ण पावसाळाभर बंद ठेवून बी धरू देता येते. एवढ्यासाठी मी ती करतोच. पण ४० मेंढ्यांचे रान नसताना त्यावर ४० मेंढ्या फिरवल्या, तर ते रान फक्त तुकड्या-तुकड्याने उघडे पडते.

पहिल्या पावसानंतरचा महिना

हिशेबात धरलेले ते शेवटचे ३० दिवस सर्वांत कठीण असतात. पहिल्या पावसाने माळ हिरवा दिसू लागतो, पण बोटभर फुटव्यात शुष्क पदार्थ नगण्य असतो. त्या हिरव्या छटेचा माग काढत मेंढ्या दिवसभर चालतात, वाळलेल्या काडीला तोंड लावत नाहीत आणि ऐन पावसात वजन गमावतात. गवताच्या बाजूने हा काळ आणखी नाजूक असतो, कारण ठोंब मुळांत साठवलेल्या अन्नावर पहिली पाने काढत असते. ती खुडली गेली की दुसऱ्यांदा फुटायला त्याच्याजवळ थोडेच उरते. म्हणून रानाचा पाचवा-सहावा हिस्सा उन्हाळ्यात न चारता राखून ठेवावा आणि पहिला चांगला पाऊस होताच मेंढ्या त्यात न्याव्यात. तिथे जुनी काडी आणि नवा फुटवा एकत्र मिळतो, त्यामुळे ओल्या चाऱ्याने होणारी ढाळही कमी होते. बाकीच्या रानात गवत वीतभर वाढून त्याला चार-पाच पाने फुटेपर्यंत मेंढ्या जाऊ देऊ नयेत. हा राखीव तुकडा दर वर्षी बदलावा. एकाच तुकड्यावर हा ताण दोन वर्षे लागोपाठ आला तर तिसऱ्या वर्षी तिथे कुसळे आणि एकवर्षायू गवतच जास्त उगवलेले दिसते.